सोडतीचं उदाहरण

माणसाच्या शरीरातल्या पेशीला मी आजवर काय काय म्हटलं आहे, याची यादी माझ्याकडे आहे. गिरणी, चाळीतली खोली, पोस्ट ऑफिस, लग्नाचा मुदपाकखाना, आणि एकदा एका शाळेत मुलं फारच चुळबुळ करायला लागली तेव्हा वडापावची गाडी. प्रतिपिंडांना मी गणपती मंडळाचे कार्यकर्ते म्हटलं आहे, विषाणूला न बोलावता येऊन मुक्काम ठोकणारा पाहुणा. यादीला रकाने आहेत: उदाहरण काय, कुठे वापरलं, चाललं की पडलं. माझं याद्यांशिवाय चालत नाही. वाण्याच्या यादीतही मी रकाने आखते असं माझा नवरा चारचौघांत सांगतो, आणि ते खरं आहे.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'सामान्यांना विज्ञान समजावताना आलेले गमतीदार अनुभव' मागितले. गमती आहेत, त्यातल्या एकदोन सांगते. पण लिहायला बसले तेव्हा सारखं दुसरंच पुढे येत राहिलं. ते गमतीचं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

परळमधल्या एका वैद्यकीय संशोधन संस्थेत मी लोकसंपर्काचं काम करते. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रातलं. प्रयोगशाळेत माझा हात फारसा चालला नाही, तोंड चाललं, म्हणून इकडे आले. काम काय, ते थोडक्यात सांगते. एखादं औषध खरंच उपयोगी आहे का, हे शेवटी माणसांवरच बघावं लागतं. ती माणसं लालबाग, शिवडी, वरळी, गिरगाव अशीच कुठून कुठून येतात. यायचं की नाही हे त्यांनी स्वतः ठरवायचं असतं, म्हणून त्यांना आधी सगळं समजावून सांगावं लागतं. आम्ही काय करणार, त्रास काय होऊ शकतो, फायदा होईलच असं का नाही, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे नेहमीचे उपचार कसे चालूच राहतील. हे सगळं एका माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ते पत्रक एक नीतिसमिती तपासते. तिच्यात डॉक्टर असतात, वकील असतात, बाहेरचे एकदोन शहाणे असतात. शब्दन् शब्द बघतात. मग ते पत्रक घेऊन मी लोकांपुढे बसते. पत्रक कुणी वाचत नाही. लोक माझ्या तोंडाकडे बघतात.

वरळी कोळीवाड्यात एकदा प्रतिजैविकांबद्दल बोलायला गेले होते. गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नये, एवढाच मुद्दा. समोर सगळ्या मासळीवाल्या. मला वाटलं, त्यांच्यातलंच उदाहरण द्यावं. म्हटलं, "बोंबील अर्धेच वाळवून ठेवले तर किडतात ना, तसं आहे हे."

पुढच्या बाईंनी पदर खोचला. "बाय, तुला किडलेले बोंबील कोणी दिले?"

"नाही, मी आपलं उदाहरण..."

"नाय, नाव सांग. आमच्या इथलं कोण देणार नाय तसं. तू दादरला घेतलेस ना? दादरला मिळतात तसे."

पुढचा सगळा वेळ सभा बोंबलांवर चालली. जंतू बाजूला राहिले. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत कागदात बांधलेले बोंबील घातले आणि बजावलं, "हे खा, मग बोल." शेवटच्या रकान्यात मी लिहिलं: 'पडलं. समोरच्याच्या धंद्यातलं उदाहरण देऊ नये.'

खोताच्या वाडीत फ्रान्सिस अंकल नावाचे एक निवृत्त गृहस्थ होते. ते पत्रक वाचणाऱ्या दुर्मिळ जमातीतले. पेन्सिल घेऊन शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "हो म्हणणाऱ्याची सही इथे, तारीख इथे, साक्षीदार इथे. नाही म्हणणाऱ्याने कुठे सही करायची?"

"त्याने सही करायचीच नाही, अंकल."

"मग तू मला विचारलंस हे कसं कळणार?"

भाग घ्यायला ते नाही म्हणाले, आणि चहा दिला. म्हणाले, "लिही आता. विचारलं, चहा घेतला, गेली." ही गोष्ट मी पुढे बरीच वर्षं प्रत्येक प्रशिक्षणात सांगितली आणि प्रत्येक वेळी हशा घेतला.

आता मूळ विषयाकडे येते.

मधुमेह जुना झाला की पायाची संवेदना कमी होते. चपलेचा खिळा टोचला तरी कळत नाही. जखम होते, ती दुखत नाही, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही, आणि ती चिघळते. अशा जखमांवर लावायचं एक जेल आमच्या डॉक्टरांना तपासून बघायचं होतं. निम्म्या लोकांना नेहमीची मलमपट्टी, निम्म्यांना नेहमीची मलमपट्टी आणि वर हे जेल. कुणाला काय हे डॉक्टरांनी निवडायचं नाही. निवडलं तर बऱ्या होण्यासारख्या जखमांना नकळत जेल दिलं जाईल, आणि मग गुण जेलचा की मुळात जखमच साधी होती, हे कळणार नाही. म्हणून ते नशिबावर सोडायचं. संगणक आकडा काढतो, त्याप्रमाणे गट ठरतो.

हा नशिबाचा भाग समजावणं माझ्या कामातलं सगळ्यात अवघड. नाणेफेक म्हटलं तर लोकांना थट्टा वाटते. चिठ्ठ्या म्हटलं तर चिठ्ठ्या कोण टाकणार यावर वाद होतो.

लालबागच्या एका चाळीत मंडळाच्या खोलीत आम्ही सभा घेतली. चाळ गिरणीतल्या लोकांची. मूळचे बहुतेक सगळे सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडचे. मंडळाचे सेक्रेटरी तावडे माझ्याच वयाचे, वडील गिरणीत होते. ते सभेला आले होते ते मजा बघायला.

"मॅडम, ही ट्यूब कोणाला द्यायची ते तुम्ही ठरवणार?"

"मी नाही. डॉक्टरही नाही. संगणक ठरवणार."

"संगणकाच्या मागे कोण बसतो ते सांगा. त्याला भेटतो मी."

खोली हसली. आणि मला सुचलं. "तावडे, गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघते ना? तिथे चालतो वशिला?"

"तिथे चालला असता तर मी इथे असतो का? पनवेलला बाल्कनीत उभा राहून चहा पीत असतो."

"मग तसंच हे. नाव द्यायचं. लागलं तर लागलं."

सगळ्या खोलीतून एक 'हां' आला. वर्गात शिकवणाऱ्यांना हा 'हां' माहीत असेल. तो आला की समजायचं, झालं काम. त्या दिवशी बऱ्याच जणांनी नावं दिली. मी यादीत शेरा लिहिला: 'उत्तम. सगळीकडे वापरावं.' आणि वापरलं. परळला, शिवडीला, काळाचौकीला. हाताखालच्या मुलींनाही शिकवलं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी टॉवर आले, आणि कामगारांना घरं द्यायची असं ठरलं. अर्ज ढीगभर, घरं मोजकी. म्हणून सोडत. एका सोडतीत नाव निघालं नाही, तर पुढच्या सोडतीची वाट बघायची. बाप वाट बघत गेला, आता मुलगा बघतो. ज्यांनी कधी गिरणीचा भोंगाही ऐकला नाही अशा नातवंडांना त्या सोडतीचे नियम पाठ आहेत. बोंबलांनंतर मी धंद्यातलं उदाहरण न देण्याचा नियम केला होता. सोडत हा काही त्यांचा धंदा नव्हता, ते त्यांचं दुखणं होतं. त्याला मी हात घातला आणि एका 'हां'वर खूश होऊन घरी आले.

परबकाकू त्या चाळीतल्या. सत्तरीच्या. यजमान गिरणीत होते, ते गेल्याला बरीच वर्षं झाली. मुलगा, सून रूपाली आणि दोन नातवंडं असं घर. उजव्या पायाला अंगठ्याच्या खाली जखम होती. त्यांच्या वाट्याला नेहमीची मलमपट्टी आली. मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे. आमका सवय आसा. घराचो नंबर तरी खंय लागलो?" आणि हसल्या. मीही हसले.

दर काही दिवसांनी त्या यायच्या. आमची नर्स जखम धुवायची, पट्टी बदलायची, साखर तपासायची. जखम हळूहळू भरत होती. गणपती आले तशा काकू गावी निघाल्या. चाळीतलं कोण जात नाही? नर्सने पट्ट्यांचं सामान बांधून दिलं आणि सांगितलं की पाय लाल झाला, वास आला, ताप आला, तर तिथल्या डॉक्टरकडे लगेच जा. काकूंनी मान हलवली. पत्रकातही तेच लिहिलं होतं. दुसरीकडे उपचार घ्यायला पूर्ण मोकळीक आहे, फक्त आम्हाला कळवा.

गौरी-गणपती झाले, पण दिराची तब्येत बिघडली म्हणून काकूंचा मुक्काम वाढला. पावसाचं अंगण, अनवाणी चालणं. जखम उलटली. तिथल्या डॉक्टरांनी पाय बघून सांगितलं, आजच्या आज दाखल व्हा. काकूंनी ऐकलं नाही. मुलाने फोनवरून विनवण्या केल्या, मग आरडाओरडा केला. काकूंचं एकच म्हणणं, मी मुंबईलाच दाखवीन. शेवटी त्या आल्या तेव्हा दोन बोटं काळी पडली होती. ती काढावी लागली.

जेलच्या या अभ्यासात भाग घेतलेल्या कुणाला असं काही झालं की त्याचा अहवाल द्यावा लागतो. त्यासाठी मी वॉर्डात गेले. काकूंच्या पायावर चादर होती. मी विचारलं, "काकू, गावाला डॉक्टर सांगत होते, तर का नाही हो झालात ॲडमिट?"

काकूंनी आधी दाराकडे बघितलं, कुणी नाही ना. मग हळूच म्हणाल्या, "एकदा तिकडचं घेतलं असतं, तर इकडचा हक्क गेला असता ना? आमच्या जावेने बदलापूरला घर घेतलं. लोक बोलले, आता हिचं सोडतीतून नाव जाणार. मी म्हटलं, एवढे महिने थांबले, पुढच्या टायमाला माझं नाव निघालं आणि मी तिकडच्या डॉक्टरकडे ॲडमिट, तर? तुम्हीच बोललेला ना, सोडतीसारखं?"

मला आधी कळलंच नाही त्या काय सांगतायत. मग कळलं.

त्या जेलचा नंबर लागण्याची वाट बघत होत्या. त्यांच्या हिशेबात त्यांचा नंबर पहिल्या सोडतीत लागला नव्हता, दुसऱ्यात लागला असता. आमच्याकडे दुसरी सोडत नव्हती. एकदा गट ठरला की ठरला. आणि घराच्या सोडतीत घर मिळणं चांगलंच असतं, तिथे तो प्रश्नच नसतो. आमच्याकडे तर तोच एक प्रश्न होता, जेलचा उपयोग आहे की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं. यातलं काहीही मी सोडतीच्या उदाहरणात सांगितलं नव्हतं. मी फक्त वशिला चालत नाही एवढं सांगितलं होतं. बाकीचे नियम त्यांनी स्वतः भरले. ते नियम त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते.

एवढ्यात रूपाली डबा घेऊन आली. तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि मला बघून बोलायला सुरुवात केली. "बघा ना मॅडम. ऐकतच नाहीत कोणाचं. ह्यांनी फोनवर हातापाया पडून सांगितलं. डॉक्टर समोर उभा राहून सांगतोय. पण नाही. हट्ट म्हणजे हट्ट. आता कोण करणार सगळं? मीच ना?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. मी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी हातातल्या कागदावर तारीख टाकली आणि म्हणाले, "होतं असं कधी कधी. काळजी घ्या." आणि निघाले.

खाली उतरून मी रस्त्यावर आले तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला हवं. मला वाटलं, पत्रकात सगळं बरोबर आहे ना? ऑफिसात जाऊन मी आधी ते उघडून बघितलं. बरोबर होतं. मग मला हायसं वाटलं. आणि मग हायसं वाटल्याची लाज वाटली. पण आधी हायसंच वाटलं होतं.

आमच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही. त्यांनी डोकं धरलं. मग म्हणाले, "समिती पत्रक बघणार. पत्रकात सोडत हा शब्द कुठेच नाही."

"तोंडी होता."

"तोंडी काय बोललं गेलं ते आपण समितीला कळवू. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. गैरसमज होतात."

समितीला कळवलं. समितीने नोंद घेतली, सगळ्या सहभागींना पुन्हा नीट कल्पना द्यावी असं सांगितलं आणि पुढच्या विषयाकडे वळली. मी सहभागींची यादी काढली आणि फोन करत सुटले. "काही जणांचा गैरसमज झालेला दिसतोय, म्हणून पुन्हा सांगते. गट बदलणार नाहीत. पुढे कुठलीही सोडत नाही." शिवडीच्या एक बाई म्हणाल्या, "नाही? मग आम्ही एवढं टिकून राहिलो ते कशासाठी?" काळाचौकीचे एक गृहस्थ नुसते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला, पुन्हा आले नाहीत. वाट बघणाऱ्या परबकाकू एकट्या नव्हत्या. प्रत्येक फोनला मी 'गैरसमज' म्हटलं. फार सोयीचा शब्द आहे. तो नेहमी ऐकणाऱ्याचा असतो.

परबांच्या घरी मात्र मी फोन केला नाही. नर्स त्यांच्याकडे जायचीच, तिच्याकडून निरोप दिला. यादीत त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

त्यानंतर वर्ष उलटलं. अभ्यास संपला, आकडे मांडले गेले, आणि निष्कर्ष निघाला तो असा: जेलचा काहीही फायदा नव्हता. नेहमीच्या मलमपट्टीने जेवढ्या जखमा बऱ्या झाल्या, तेवढ्याच जेलने. संशोधनात असं पुष्कळदा होतं, आणि उपयोग नाही हे कळणं हेही कामाचंच असतं, हे मी शेकडो लोकांना पटवून दिलं आहे. ज्यांनी भाग घेतला त्यांना निष्कर्ष जाऊन सांगायचे, हा आमच्याकडचा नियम मीच लावून धरलेला. चाळीत सभा ठरली. पण परबकाकूंना ते सगळ्यांच्या देखत पहिल्यांदा ऐकायला लागू नये असं मला वाटलं, म्हणून सभेच्या आधी मी त्यांच्या घरी गेले.

काकू खाटेवर बसल्या होत्या, पायात जाड तळाची खास चप्पल. रूपाली ओट्याशी होती. नातू अभ्यास सोडून मोबाइल बघत होता. काकू त्याला म्हणाल्या, "ठेव तो फोन," तर तो म्हणाला, "आजी, हट्टीपणा तुझ्याकडूनच घेतलाय." रूपाली ओट्याकडूनच हसली. काकू हसल्या नाहीत. मला वाटतं हा विनोद त्या घरात रोज होत असावा.

मी निष्कर्ष सांगितला. काकूंनी दोनदा विचारलं, "म्हणजे माका लागला असता तरी काय झाला नसता?"

"नाही काकू. जेलने काही फरक पडला नसता."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरा झाला. माका आपला वाटायचा, नशीबच नाय म्हणून बोटां गेली. म्हणजे ती जायचीच होती."

मी तिथेच उठायला हवं होतं असं माझ्यातल्या एका बाईचं अजूनही मत आहे. त्या समाधानी होत्या. चहा गॅसवर होता. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर तेही त्यांनी धरून ठेवलं असतं, जसं सोडतीचं धरून ठेवलं होतं.

"नाही काकू," मी म्हटलं. "ती जायचीच होती असं नाही. गावच्या डॉक्टरकडे तेव्हाच दाखल झाला असतात, तर बहुतेक वाचली असती. आणि तुम्ही झाला नाहीत ते माझ्यामुळे. सोडत हे उदाहरण मी दिलं. ते चुकीचं होतं. दुसरी सोडत कधी नव्हतीच."

रूपालीने गॅस बंद केला. काकू चपलेकडे बघत होत्या. मला वाटलं त्या रडतील, किंवा मला म्हणतील, जाऊ दे. या वयाच्या बायका फार लवकर जाऊ दे म्हणतात आणि आपण त्यावर जगतो. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "मी हॉस्पिटलात असताना ह्या तुम्ही हिच्यासमोर का नाय सांगितलात?"

"लाज वाटली."

"वर्षभर ही माका बोलतासा. चाळ बोलतासा. तावडे येता-जाता बोलता, काय आजी, आता तरी ऐकशाल?" त्यांचा आवाज चढला नाही. "मी गप बसलंय. माका वाटला, मीच अडाणी. मॅडम शिकलेली, ती चुकीचा कशाक सांगतली?"

रूपाली म्हणाली, "आई, तुम्ही मला तरी सांगायचं ना, कशासाठी थांबलात ते."

"तुका सांगून काय? तू ऐकून घेतलं असतंस?"

रूपाली ओट्याकडे वळली. मग काकू मला म्हणाल्या, "आयतवारी सभा आसा ना तुमची? थंय सांगा ह्या. सगळ्यांसमोर."

रविवारी मंडळाची खोली भरली होती. निम्मे लोक निष्कर्ष ऐकायला आले होते, निम्मे नेहमीसारखे करमणुकीला. काकू रूपालीचा हात धरून आल्या आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या. मी निष्कर्ष सांगितले. ते सोपं होतं, त्याची मला सवय आहे. एकदोघांनी विचारलं, मग एवढं करून उपयोग काय, त्याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं.

त्यानंतरचं तयार नव्हतं. घरी मी मुद्दे लिहिले होते, ते पर्समध्येच राहिले. मी म्हटलं की याच खोलीत मी तुम्हाला सोडतीचं उदाहरण दिलं होतं. त्यामुळे काही जण पुढच्या सोडतीची वाट बघत राहिले. परबकाकूंनी गावी दवाखाना नाकारला तो हट्टाने नाही. मी सांगितलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. मी सांगितलं ते चुकीचं होतं. त्यांची बोटं गेली त्यात माझी चूक आहे, आणि मला ते गेलं वर्षभर माहीत होतं.

बोलता बोलता माझा आवाज बसत गेला होता. मोठ्या आवाजात बोलायची मला इतकी सवय, की माईक मी कधी घेत नाही. शेवटचं वाक्य मलाच नीट ऐकू आलं नाही. तावडे भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी मान खाली घातली होती. रूपालीने सासूच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, झालं. मी खुर्चीकडे वळले.

काकूंनी मागे वळून खोलीभर एक नजर टाकली. दाराशी उभ्या असलेल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, काय म्हणाली, काय म्हणाली.

"मॅडम," काकू म्हणाल्या, "मागच्यांका ऐकाक इला नाय. परत सांगा."

मी वळले आणि परत सांगितलं.